कानसेनाने पास केलेलं चाक

गल्लीच्या वळणावर, जिन्याखाली, दिवसाही दिवा लावावा लागतो अशी एक तेलकट खोली आहे. तिथे मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळून बघायचा नाही. याला कारणं दोन. एक म्हणजे ते नाव गल्लीत कुणी वापरतच नाही. बायको ‘अहो’ म्हणते आणि बाकीचे सगळे ‘कानसेन’. दुसरं कारण असं, की अलीकडे त्याला कुठल्याही नावाने मागून हाक मारली तरी तो वळत नव्हता. पण हे दुसरं कारण तोंडावर आणायचं नाही, असं गल्लीत न ठरवताच ठरून गेलं होतं. कुणाच्या घरात भांडण झालं आणि त्यात पहिला पेला नवऱ्याने फेकला की बायकोने, यावर जिथे दोन-दोन दिवस खल चालतो, तिथे एवढी मोठी गोष्ट सगळ्यांनी गुपचूप गिळून टाकली. गल्लीला एकदाच काय ती सभ्यता सुचली, आणि तीही नको तिथे.

कानसेन हे नाव उगीच पडलं नव्हतं. वळणावर गाडी आली, की हा आत पालथा पडून कुणाच्या तरी सायलेन्सरशी झोंबत असला तरी मान वर न करता सांगायचा, “क्लचची तार आज-उद्या जाणार. बदलून घ्या, नाहीतर भर चौकात ढकलत बसाल.” गाडी दारात येऊन उभी राहायच्या आधी निदान तयार. गिऱ्हाईक बापडं हेल्मेट काढत म्हणायचं, “मी तर फक्त हवा भरायला आलो होतो.” दोन दिवसांनी तेच गिऱ्हाईक घामाघूम होऊन गाडी ढकलत यायचं, आणि कानसेन त्याला काही न बोलता पाण्याची बाटली पुढे करायचा. हे न बोलणं फार झोंबायचं.

खरा सोहळा मात्र इंजिन तपासायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याने स्क्रू कधी फिरवला नाही. गाडी चालू करून ठेवायची, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चेहऱ्यावर असा भाव, जणू आत कुणीतरी याच्याच सोयरिकीबद्दल कुजबुजतंय. आजूबाजूचे गप्प. मग एक डोळा उघडायचा आणि हळूच म्हणायचा, “डाव्या बाजूचा टॅपेट.” उघडून बघावं तर डाव्या बाजूचाच सैल.

अशा माणसाचं कंपनीच्या पुस्तिकेशी जमणार कसं? नव्या गाडीबरोबर कंपनी एक पुस्तिका देते. तिच्यात तक्ता असतो: इतके किलोमीटर झाले की ऑइल बदला, इतके झाले की प्लग, इतके झाले की चाकं काढून बेअरिंग तपासा. कानसेनाच्या खोलीत अशा दोन पुस्तिका होत्या. एक टेबलाच्या आखूड पायाखाली, आणि दुसरीवर तेलाचा डबा ठेवलेला.

“हे ज्याने लिहिलं त्याने तुमची गाडी पाहिलीय का?” तो गिऱ्हाइकाला विचारायचा. “तुम्ही खड्डा चुकवता की खड्ड्यात शिरता, मागे बायको बसते की बायकोसकट तिची आई, काही माहीत आहे त्याला? तहान लागली की पाणी पिता ना? का तक्ता काढून बघता, पिऊ की नको? गाडी बोलते साहेब. देवाने अक्कल दिलीय, ती लावा आणि ऐका.”

आणि त्याचा एक नियम होता: कानाने पास केलेलं उघडायचं नाही. त्यातही तथ्य होतं, नाही असं नाही. बरी चाललेली गाडी उघडून बसलं की नट झिजतात, पॅकिंग फाटतं आणि नसलेलं दुखणं येऊन चिकटतं. कित्येक गाड्या त्याने अशा न उघडता वर्षानुवर्षं सुखाने चालवल्या. त्यामुळे ‘कानसेनाने पास केली’ असं म्हटलं की पुढे प्रश्न नाही.

मग त्याच्या नशिबाने त्याला जावई मिळाला, तो तक्त्याचा भक्त.

जावई एका कंपनीत लिफ्टची देखभाल करायचा. उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, लोखंडी शिडीने डब्याच्या टपावर चढायचं, दोर, ब्रेक, दरवाजे एकेक तपासून खूण करायची आणि मगच पुढचं बघायचं, हा त्याचा धंदा. सरळ, मितभाषी, बूटसुद्धा एका ठरलेल्या क्रमाने घालणारा. मुलीने त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा सासऱ्याने त्याचं कूळ-मूळ नंतर विचारलं, आधी त्याची मोटारसायकल वळणावरून येताना ऐकली आणि बायकोला म्हणाला, “मुलगा चांगला आहे. चेनला वेळच्या वेळी तेल घालून ठेवतो.”

लग्नानंतर दर सुट्टीच्या दिवशी दोघं नवरा-बायको गाडीवरून यायची आणि जेवणं होईस्तोवर सासरा-जावयाची जुंपायची.

“जावईबापू, तुमचं ऑइल आणखी महिनाभर आरामात चालेल. मी ऐकलंय.”

“पण बाबा, तक्त्यात...”

“तक्ता तुमच्यासाठी ऑइल पितो का?”

“लिफ्टचा आवाज येईपर्यंत मी थांबलो,” जावई शांतपणे म्हणायचा, “तर माणसं सगळ्यात वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर फार लवकर पोहोचतील.”

सासू हसून हसून ताटात वाढायचं विसरायची. मुलगी म्हणायची, “तुम्ही दोघं लग्न करा आता, आम्ही निघतो.”

एकदा मात्र कानसेनाने जावयाला चितपट केलं. जावयाच्या घराजवळचा रस्ता खणून ठेवला होता, धुळीचे नुसते लोट. गाडी वळणावर आली आणि कानसेन ओरडला, “हिला दमा झालाय! हवेची जाळी काढा.” जावई म्हणाला, जाळी साफ करायची वेळ पुस्तिकेत अजून दूर आहे. उघडली तर आत जाळी कुठली, मातीची भाकरी. जावई प्रामाणिक. त्याने तिथेच पुस्तिका काढली, तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती ती शोधली आणि स्वतःच मोठ्याने वाचली: धुळीच्या रस्त्यावर याहून लवकर साफ करावी.

“बघा!” कानसेनाने मांडीवर थाप मारली. “शेवटी तुमच्या कंपनीलाही खाली बारीक अक्षरात लिहावं लागलं, की बाबांनो, अक्कल वापरा!”

तो विजय त्याने महिनोन्‌महिने गल्लीला ऐकवला. गल्लीनेही आनंदाने ऐकला. त्याच विजयाने त्याचा घात केला. जावयाने त्या दिवसापासून तक्ता कानसेनाच्या कानाच्या खालचा मानायला सुरुवात केली.

आता त्या कानाचं बघा. आयुष्यभर इंजिनाशी कान लावून बसायचं, तेही बंद खोलीत, म्हणजे कानाने किती सोसायचं? तो गेला, पण एकदम गेला नाही. जाडेभरडे आवाज तसेच राहिले. हॉर्न, दारावरची थाप, बायकोचं ओरडणं. बारीक आवाज तेवढे एकेक करून उठून गेले. आणि त्याचा सगळा धंदा बारीक आवाजांवर होता.

हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. ती घरी बसून लोकांचे पडदे शिवते. तिच्या शिलाई मशीनला तेल हवं झालं की मशीन बारीक किंचाळायचं, आणि कानसेन जिन्याखालून ओरडायचा, “अगं, तेल घाल त्याला! माझे दात सळसळतात.” एके दिवशी मशीन किंचाळलं आणि खालून काही आलं नाही. तिला वाटलं, कामात असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिने मुद्दामच तेल घातलं नाही. मशीन दिवसेंदिवस असं कोकलायला लागलं की शेजारणी येऊन विचारून गेल्या, मांजर कुठे अडकलंय का. तो त्याच खोलीत, मशीनशेजारी, बशीत ओतून चहा पीत बसलेला.

“तुम्हाला काही ऐकू येतंय का?” तिने विचारलं.

“काय? तू काही म्हणालीस?”

तिने तेलाची बुधली घेतली, मशीनला तेल घातलं आणि पुन्हा शिवायला बसली. त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ शिवत राहिली. पडद्याची ती शिवण तिला नंतर उसवावी लागली, सगळी वाकडी गेली होती.

एकदा तिने विषय काढलाही. “डॉक्टरला दाखवूया का कान?”

“माझा कान?” तो असा हसला, की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. “उद्या घड्याळजीला म्हणशील, वेळ शेजाऱ्याला विचारून ये.”

त्याला स्वतःला ठाऊक होतं. न असून कसं चालेल? आपल्या घरातली माणसं एकेक करून न सांगता निघून जावीत तसं त्याला होत होतं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचा, डोळे मिटायचे, आणि आत नुसती घरघर. तिच्यामागे जे काही कुजबुजायचं ते गप्प. तरी तो डोळे मिटून बसायचा, पूर्वीइतकाच वेळ बसायचा. बाहेर गिऱ्हाईक श्वास धरून उभं. काहीतरी सांगणं भाग होतं.

त्यावर त्याने युक्ती काढली. गिऱ्हाइकालाच विचारायचं, “आवाज कसा येतो? करून दाखवा बघू.” आणि भली भली माणसं, पतपेढीतला हेडक्लार्क काय, शाळेतल्या बाई काय, भर रस्त्यात उभी राहून तोंडाने ‘कर्रर्र’, ‘खट-खट-खट’ आणि ‘च्युंई’ करायची. हेडक्लार्क तर इतका रंगून जायचा की गिअर बदलतानाचा आवाजही काढायचा. कानसेन त्यांच्या ओठांकडे आणि फुगलेल्या गालांकडे एकटक बघायचा. गाल फुगले तर सायलेन्सर, दात विचकले तर चेन, जीभ टाळूला लागली तर टॅपेट. बरीचशी निदानं बरोबर यायची. हाताला तर सगळं कळतच होतं, इतक्या वर्षांचे हात ते.

गल्लीला हा खेळ फार आवडला. संध्याकाळी कोपऱ्यावर हेडक्लार्कच्या ‘च्युंई’ची नक्कल व्हायची, पोट धरून हसायचे लोक. हसता हसता प्रत्येकाला खरी गोष्ट कळून चुकली होती. पण म्हणणार कोण? त्याच्या तोंडावर ‘तू बहिरा झालास’ म्हणायचं म्हणजे नुसतं कानाबद्दल बोलणं नव्हे, सगळ्या माणसावरच काट मारणं. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या गाड्या हळूच दुसरीकडेही दाखवून आणायला सुरुवात केली आणि कानसेनाकडे हवा भरायला, तार घट्ट करायला येत राहिले. गाडी त्याच्या कानावर सोडलेली नाही आणि त्याचं मनही मोडलेलं नाही. फार शहाणपणा केला गल्लीने. फक्त एका माणसाला कुणी हळूच बाजूला घेऊन सांगितलं नाही. तो या गल्लीत राहत नव्हता. जावई.

त्या सुट्टीला दोघं आली ती नेहमीसारखीच. मुलगी गाडीवरून उतरल्या उतरल्या म्हणाली, “बाबा, पुढून चिमणी ओरडल्यासारखं येतंय. हळू चालवली की जास्त येतं.”

जावई म्हणाला, “चाकाचं बेअरिंग असेल. मागे एकदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुवून घेतली होती, आत पाणी गेलं असेल. तसंही तक्त्याप्रमाणे या टप्प्याला चाक उघडून बघायचंच आहे.”

कानसेनाने गाडी उभी केली, पुढचं चाक उचललं आणि हाताने जोरात फिरवलं. चाक फिरत राहिलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक चाकाच्या मधल्या दांड्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

चाक चिवचिवत होतं. जिन्यावर उभ्या असलेल्या बायकोला ऐकू येत होतं. समोरच्या दारात भाजी निवडत बसलेल्या म्हातारीला ऐकू येत होतं. मुलगी तर अगदी जवळ उभी होती.

कानसेनाला फक्त चाकाची हवा गालाला लागत होती.

त्याच वेळी त्याने चाक उघडलं असतं, तर अर्ध्या तासाचं काम. दांडा काढायचा, बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवायचं. तेव्हा कान लागला नसता, बोटानेच सगळं सांगितलं असतं. कोरडं पडलेलं बेअरिंग बोटाला वाळूसारखं लागतं. अक्कल अक्कल म्हणून तो जिचा डांगोरा पिटायचा, ती अक्कलही हेच म्हणत होती. पण उघडायचं म्हणजे काय? म्हणजे तक्त्याने सांगितलं म्हणून उघडलं. म्हणजे कानाला कळलं नाही म्हणून उघडलं. जावयासमोर, मुलीसमोर, जिन्यावरच्या बायकोसमोर.

त्याने डोळे उघडले. “काही नाही. नव्या टायरचा आवाज आहे. झिजला की जाईल.”

“मग उघडायला नको ना, बाबा?” जावयाने विचारलं. हात खिशातल्या पुस्तिकेवर होता, पण ती त्याने बाहेर काढली नाही.

“पास.”

मुलीने आईकडे बघितलं. आईने नजर खाली केली आणि म्हणाली, “चला, पानं घेतलीत.”

जेवताना कानसेनाने धुळीच्या जाळीची गोष्ट पुन्हा सांगितली. जावई पुन्हा हसला.

पुढे जे झालं ते कामाच्या वाटेवर झालं, पुलाच्या उतारावर, स्वच्छ सकाळी. बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा झाला, चाक कललं आणि जाम झालं. जावई एकटाच होता आणि हेल्मेट होतं, म्हणून जीव वाचला. पण गाडी त्याला घेऊन कठड्यापर्यंत घसरत गेली आणि त्याचा उजवा गुडघा मध्ये सापडला.

दवाखान्याच्या लांबलचक बोळात कानसेन बाकावर बसला होता. हात तसेच काळे, धुवायला वेळ नव्हता की सुचलं नव्हतं. मुलगी आतून बाहेर आली, शेजारी बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काहीतरी बोलली. तो गप्प. मग तिने त्याचा चेहरा हाताने आपल्याकडे वळवला.

“गुडघा राहील, पण वाकणार नाही, असं म्हणाले.”

त्याने मान हलवली आणि म्हणाला, “मला ऐकू आलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“आत्ताचं नाही म्हणत मी. त्या दिवशी. चाक.”

“तेच म्हणतेय मी. माहीत होतं मला, बाबा. तुम्ही कान लावून बसला होतात आणि ते चाक चिवचिवत होतं. तुमचा चेहरा मी बघत होते. तुम्हाला काही येत नाहीये, हे मला दिसत होतं. यांच्यासमोर तुमचा पाणउतारा कसा करायचा, म्हणून गप्प बसले. म्हटलं, घरी गेल्यावर यांना सांगेन, दुसरीकडे दाखवा. घरी गेल्यावर वाटलं, आज नको, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे कान गेल्याचंच सांगावं लागलं असतं.”

एवढं बोलून तिने त्याचे काळे हात आपल्या ओढणीने पुसायला घेतले. पुसले जाईनात. मग ती पुसायची थांबली.

जावयाने मात्र शुद्धीवर आल्यावर सासऱ्याला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: “बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही ऐकलं होतंत, म्हणजे तेव्हा बेअरिंग चांगलंच असणार. नंतर गेलं असेल. माझंच नशीब फुटकं.” औषधाने जीभ जड झाली होती, त्यामुळे तो एकेक शब्द सावकाश, ओठ हलवून बोलला. कानसेनाला प्रत्येक अक्षर कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने पांघरुणाची घडी नीट केली आणि बाहेर आला. सांगायचं होतं ते त्याने सांगितलं नाही. मुलीनेही सांगितलं नाही. आधी बापाची लाज राखायला गप्प बसली होती, आता नवऱ्याचं मन जपायला.

न वाकणाऱ्या गुडघ्याने लिफ्टच्या शिडीवर चढता येत नाही. कंपनीने जावयाला टेबलाशी बसवलं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन येतो, तो याने उचलायचा आणि माणूस पोहोचेपर्यंत आतल्याला धीर द्यायचा. “घाबरू नका, हवा आहे, दिवा चालू आहे ना? मग झालं. येताहेत ते.” दिवसभर हेच. स्वतः धावून जायची सवय असलेला माणूस. फोन ठेवला की टेबलाखालचा सरळ पाय चोळत बसतो, असं मुलगी सांगते.

इकडे कानसेनाच्या खोलीवर अवकळा आली. त्याने स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला टांगला तो टांगलाच. टेबलाच्या पायाखालची पुस्तिका काढली, झटकली, पण तिची पानं तेलाने एकमेकांना चिकटून गेली होती. टेबल डुगडुगायला लागलं ते तसंच राहिलं. आता येईल ती गाडी तो उघडून बसतो. हवा भरायला आलेल्याचीही चाकं काढायला निघतो. लोक वैतागले. “अहो, काही आवाज नाही, काही नाही, कशाला उघडता?” ज्या माणसाकडे न उघडता कळतं म्हणून लोक यायचे, त्याच्याकडे उघडून घ्यायला कोण येणार? कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहेच की त्यासाठी. हेडक्लार्कही दिसेनासा झाला. त्याच्यावाचून ‘च्युंई’ची नक्कल करायलाही कुणाला मजा येईना.

बरेच महिने गेले. मग एका सुट्टीला वळणावर तीच मोटारसायकल आली. चालवत मुलगी होती. मागे एक पाय लांब करून, काठी आडवी धरून जावई. कंपनीच्या सेंटरमध्ये गाडी पुन्हा उभी केली होती, पुस्तिकेतला प्रत्येक रकाना भरून. जावयाला खाली उतरायलाच इतका वेळ लागला, की तोवर गल्लीतल्या बऱ्याच खिडक्या उघडून झाल्या.

“बाबा,” जावई काठीवर भार देऊन म्हणाला, “तक्त्याप्रमाणे सगळं झालंय. पण एकदा तुम्ही कान लावा. तुम्ही पास म्हटल्याशिवाय हिला गाडीवर बसवायला माझं मन घेत नाही. आता तर चालवतेही हीच.”

त्याने काठीनेच खिळ्याला टांगलेला स्क्रू ड्रायव्हर काढला, शर्टाला पुसला आणि सासऱ्याच्या हातात दिला.

मुलीने गाडी चालू केली नाही. किल्ली हातात धरून ती बापाकडे बघत राहिली. जिन्यावर आईची पावलं वाजली आणि मधेच थांबली.

कानसेनाने तो स्क्रू ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला. मग डुगडुगत्या टेबलावर ठेवून दिला.

“पुस्तिका आणलीय ना?” तो म्हणाला. “काढा. एकेक ओळ वाचा. मी एकेक उघडतो.”

“सेंटरवाल्यांनी उघडलंय बाबा सगळं, आत्ता कशाला...” जावई हसला. पण सासऱ्याने पाना उचलून चाकापाशी बैठक मारली होती. तेव्हा त्याने खिशातून पुस्तिका काढली, खोलीतल्या अंधारात अक्षरं दिसेनात म्हणून स्टुलावर बसून रस्त्याकडे तोंड केलं आणि वाचायला लागला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग मागे वळून बघितलं, तर सासरा पाना हातात धरून त्याच्याकडे बघत होता. हलला नव्हता.

“जावईबापू,” कानसेन म्हणाला, “तोंड इकडे करून वाचा. मला ओठ दिसले पाहिजेत.”

जावई समजला नाही. मग समजला. लिफ्टवाला माणूस तो. दोर तुटला की तुटक्या टोकापासून मागे मागे जात कुठे झिजला होता ते शोधायची सवय. त्याची नजर सासऱ्यावरून टेबलावरच्या स्क्रू ड्रायव्हरवर गेली, तिथून चाकावर, तिथून बायकोवर. बायको खाली बघत होती. जिन्यावर सासू खाली बघत होती. समोरच्या दारातल्या म्हातारीने निवडायला काही नसताना सूप पुढ्यात ओढलं. एकेक खिडकी हळूच बंद व्हायला लागली, आणि प्रत्येक खिडकी बंद होताना त्याला कळत गेलं, की हे इथे सगळ्यांना माहीत होतं.

आपला न वाकणारा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला, स्टूल फिरवलं आणि सासऱ्यासमोर तोंड केलं. आणि वाचलं. एकेक शब्द, स्पष्ट, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलावं तसा, काहीही न दाखवणाऱ्या आवाजात. दांडा. बेअरिंग. ब्रेक. चेन. कानसेन उघडत गेला, बोटाने तपासत गेला, लावत गेला. शेवटची ओळ झाल्यावर जावयाने पुस्तिका मिटली.

कानसेनाने या वेळी ‘पास’ म्हटलं नाही. “बरी आहे,” एवढंच म्हणाला. जेवायला थांबा म्हणायचं सासूला धैर्य झालं नाही.

अजूनही ते दोघं येतात, ठरल्या किलोमीटरला, तक्त्याप्रमाणे, ना आधी ना नंतर. जावई स्टुलावर बसतो, समोर तोंड करून वाचतो, सासरा उघडतो. दोघांच्या मिळून चुकायला काही जागा उरलेली नाही. बोलणं कामापुरतं. पूर्वी बोलता बोलता जागोजाग ‘बाबा’ यायचं, ते आता येत नाही. निदान कानसेनाला तरी ते दिसलेलं नाही. निघताना काठी टेकत, पाठमोरा होऊन जावई एखादे वेळी म्हणत असेलही. पण तिकडे तोंड करून म्हटलेलं या माणसापर्यंत पोहोचायला आता काही मार्ग नाही, आणि म्हणाला की नाही, हे बायकोला किंवा मुलीला विचारायचं त्याला धाडस होत नाही.